स्वतःच्या जबाबदारीवर

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं मनुष्यानें मोटारसायकलीवर बसून लडाखास जावें कीं जाऊं नये, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकांत आलेला नाहीं. मीं तीं पुस्तकें तीस वर्षें शिकविलीं आहेत. त्यामुळें हें मी खात्रीनें सांगूं शकतों. परंतु गेले दोन महिने ह्या प्रवासाची तयारी करीत असतां एका छापील अर्जानें मला जशा पेंचांत टाकलें, तशा पेंचांत त्या पुस्तकांनीं मला कधीं टाकलें नव्हतें. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटतें.

प्रथम बेत कसा ठरला तें सांगतों. माझा भाचा आणि त्याचे मित्र मनालीहून लेहपर्यंत फटफटीवर जाणार, अशी गोष्ट जेवतांना निघाली. ‘तुम्हीहि येतां का, मामा?’ असें त्यानें थट्टेनें विचारलें, आणि ‘न येण्यास काय झालें?’ असें मी बोलून गेलों. रॉबर्ट फुल्टन नांवाचा एक तरुण अमेरिकन १९३२ सालीं लंडनमधील एका मेजवानींत असाच बोलून गेला होता, कीं आपण मोटारसायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणार आहों. सुदैवानें म्हणा कीं दुर्दैवानें म्हणा, डग्लस मोटारसायकलींच्या कारखान्याचा मालक त्याच पंक्तीला होता. त्यानें गाडी देऊं केली, आणि बढाई पुरी करण्यांत त्या गृहस्थाचे सुमारें दीड वर्ष गेलें. माझी बढाई बारा दिवसांत पुरी होणारी आहे, आणि तीसुद्धां वाटाड्या पुढें घालून.

ह्या वाटाड्यावरून आमच्या स्टाफरूममध्यें माझी बरीच थट्टा झाली. पथकाच्या अग्रभागीं रस्त्याची खडानखडा माहिती असलेला म्होरक्या. सर्वांच्या शेवटीं, कोणी मागें पडूं नये म्हणून चालणारा दुसरा जाणता स्वार. त्याच्याहि मागें सामान, टायर-ट्यूब, प्राणवायूचें नळकांडें आणि एक मिस्त्री घेऊन येणारी मोठी गाडी. रात्रीं तंबू आयता आणि जेवण गरम. ‘हें साहस नव्हे, ही साहसाची शिकवणी आहे,’ असें इतिहास शिकविणारे आमचे स्नेही म्हणाले. वाक्य मला आवडलें, पण पटलें नाहीं. दरवर्षीं पुण्यावरून दिंड्या जातात. त्यांतील बहुतेकांचें सामानसुमान, तंबू आणि शिधा ट्रकमधून जातो, मुक्काम ठरलेले असतात, चालण्याचा क्रमहि ठरलेला असतो. दिवेघाट चढणाऱ्या म्हातारीची पायपीट ह्या ट्रकमुळें कमी खरी होते, असें म्हणण्याचें धैर्य आमच्या मित्रांना होईल काय? अॅरिस्टॉटलनें उतावळ्या मनुष्याचें एक लक्षण सांगितलें आहे. तो संकट येण्यापूर्वीं त्याला हांका मारीत असतो आणि तें आल्यावर मागें सरतो. शूर मनुष्य आधीं शांत असतो आणि प्रसंगीं तत्पर. सामानाच्या गाडीला अॅरिस्टॉटलची हरकत असती, असें मला वाटत नाहीं.

तयारीपैकीं हेल्मेट, कोपरांचीं व गुडघ्यांचीं कवचें, हातमोज्यांचे दोन जोड, ह्यांविषयीं लिहिण्यासारखें फारसें नाहीं. पैसे टाकले कीं तीं मिळतात. पैसे टाकून न मिळणारी गोष्ट म्हणजे उंचीची संवय. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारें २,०५० मीटर उंच आहे. २०२० सालीं अटल बोगदा खुला झाल्यापासून ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड चढण्याची गरज उरली नाहीं. नऊ किलोमीटर अंधारांतून गेलें कीं मनुष्य लाहौलांत निघतो. पहिला मुक्काम जिस्पा, सुमारें ३,२०० मीटर. दुसरा सरचू, सुमारें ४,२०० मीटर, आणि त्या दोहोंच्या मध्यें सुमारें ४,८९० मीटरांची बारालाचा खिंड. वैद्यकाचा रूढ दंडक असा आहे, कीं ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर निजण्याची जागा एका रात्रींत ५०० मीटरांहून अधिक चढूं नये. ह्या वाटेवर ती एकाच दिवसांत त्याच्या दुप्पट चढते! पुढें तंगलंग खिंड ५,३२८ मीटर. तेथें हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. श्रीनगर आणि कारगिल ह्यांवरून लेहला जाणारी वाट शरीराला पुष्कळ सोशीक आहे, कारण तिच्यांत मुक्काम क्रमाक्रमानें चढत जातात. पण तरुणांना मनालीच हवी होती.

हें सर्व चाललें असतां तो अर्ज आला. त्याला चार पानें होतीं. शेवटच्या पानावर, ‘मी ह्या प्रवासांत सर्वस्वी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहें,’ असें छापलेलें, आणि खालीं सहीची रेघ. तिसऱ्या पानावर प्रकृतीचे प्रश्न होते. त्यांत एक असा: आपणांस रक्तदाबाचा विकार आहे काय, आणि त्यासाठीं नियमित औषध चालू आहे काय? मी गेलीं सहा वर्षें रोज सकाळीं एक गोळी घेतों. त्या गोळीनें रक्तदाब ताब्यांत आहे. लेखणी हातांत धरून मी त्या प्रश्नापाशीं थांबलों.

भाचा समोरच बसला होता. ‘मामा, “नाहीं” लिहून टाका,’ तो म्हणाला. ‘सगळे तसेंच लिहितात. “होय” लिहिलेंत तर डॉक्टरांची चिठ्ठी मागतील, कदाचित् नांवच काढतील. आणि शेवटीं सही कशावर करतां आहांत? स्वतःच्या जबाबदारीवरच ना?’

मुलगा इंजिनिअर आहे. मिलचा ग्रंथ त्यानें उघडूनहि पाहिलेला नाहीं. तरी त्यानें मिलचाच कोटिक्रम माझ्यापुढें मांडला होता. १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधांत मिलनें एका धोक्याच्या पुलाचा दृष्टान्त घेतला आहे. पूल खात्रीनें पडणार असेल आणि सांगण्यास वेळ नसेल, तर त्यावर पाऊल टाकणाऱ्याला धरून मागें ओढावें. परंतु धोका केवळ संभवनीय असेल, तर त्याला सावध करावें आणि जाऊं द्यावें. तो धोका पत्करावा कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार त्याचा एकट्याचा. हा उतारा मीं कितीतरी वर्गांना समजावून दिला असेल. आतां मीच त्या पुलापाशीं उभा होतों, आणि माझ्या बाजूला प्रत्यक्ष मिल होता. रक्तदाब माझा, गोळी माझी, प्राणहि माझा. मग त्या अनोळखी लोकांना ही माहिती मागण्याचा अधिकार काय?

चार दिवस मी हा युक्तिवाद घोळवीत होतों. तो घोळवीत राहण्याचें कारण तर्कशास्त्रांतलें नव्हतें, हें येथें कबूल केलें पाहिजे. नांव निघालें तर स्टाफरूममध्यें काय तोंड दाखवावें, आणि ‘वय झालें’ हा शब्द भाच्याच्या मित्रांच्या तोंडून कसा ऐकावा, ही खरी भीति होती. घाटाला भिणारा मनुष्य मी नाहीं; पण घरीं बसण्याला मी भीत होतों, आणि त्या भीतीनें मिलच्या नांवाची शाल पांघरली होती.

त्याच पुलाच्या उताऱ्यांत मिलनें एक अपवाद कंसांत टाकला आहे. सावध करून सोडून देण्याचा हा नियम लहान मुलाला, भ्रमिष्टाला, किंवा विचारशक्ति पुरी चालत नाहीं अशा अवस्थेंतील मनुष्याला लागू नाहीं. वर्गांत हा कंस मी एका वाक्यांत उरकीत असें. आतां तो पुन्हां वाचला, आणि उंचीच्या आजाराविषयीं डॉक्टरांनीं सांगितलेलें आठवलें. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, झोंप लागत नाहीं. हें पुष्कळांना होतें आणि थांबल्यानें, खालीं उतरल्यानें बरें होतें. पण विकार मेंदूपर्यंत गेला, कीं चाल अडखळते, बोलणें असंबद्ध होतें, आणि पुष्कळदां आपल्याला कांहीं झालें आहे हेंच रोग्याला कळत नाहीं. ‘मी ठीक आहें, पुढें चला,’ असें तो सांगत राहतो. म्हणजे ज्या न्यायाधीशाच्या भरंवशावर मिलनें पुलाचा निकाल सोपविला, तो न्यायाधीशच सरचूच्या तंबूंत रजेवर जाण्याचा संभव. त्या वेळीं माझ्याबद्दल निकाल कोण देणार? पथकाचा म्होरक्या. आणि तो निकाल तो कशाच्या आधारें देणार? तिसऱ्या पानाच्या आधारें. तेथें मीं ‘नाहीं’ लिहिलें, तर रात्रीं दोन वाजतां माझें डोकें दुखूं लागल्यावर त्याच्या हातांत एक खोटा कागद असेल. त्या कागदावरून तो मला कोणतें औषध देईल, सकाळपर्यंत थांबेल कीं काळोखांत खालीं उतरवील, दुसऱ्या अकरा जणांचा प्रवास माझ्यासाठीं मोडील कीं नाहीं, हें सर्व ठरेल. मिलचा मनुष्य पूल एकटाच ओलांडीत होता.

ही सर्व मांडणी मीं घरांत बोलून दाखविली, तेव्हां आमच्या गृहिणीनें तिची फारशी वाखाणणी केली नाहीं. ती म्हणाली, ‘अहो, तो म्होरक्या परवां फोनवर बोलला ना, तो सव्वीस वर्षांचा आहे. तुम्हांला तिकडे कांहीं झालें, तर तें पोरगें जन्मभर म्हणत राहील, कीं आपलें काय चुकलें. खोटें लिहून जाणार असाल, तर त्याला मी काय उत्तर देऊं तेवढें आधीं मला सांगून ठेवा.’

मीं ‘होय’ लिहिलें. गोळीचें नांव लिहिलें, किती दिवस घेतों तें लिहिलें, आणि डॉक्टरांचा कागद जोडला. ताब्यांत असलेला रक्तदाब हा अशा प्रवासाला सरसकट अडथळा नव्हे, पण उंचीवर तो वाढूं शकतो, म्हणून मोजण्याचें यंत्र बरोबर ठेवावें आणि चढण सावकाश घ्यावी, असें त्यांनीं त्यांत लिहून दिलें आहे. खालीं मीं स्वतःच्या हातानें विचारलें आहे, कीं जिस्पा येथें एक रात्र अधिक काढतां येईल काय. भाचा दोन दिवस माझ्याशीं बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्यानें, लहानपणीं आपल्याला दम्याचा त्रास होता तें ‘होता’ लिहावें कीं ‘आहे’, असें विचारलें.

शेवटच्या पानावरहि मीं सही केली. सर्वस्वी स्वतःच्या जबाबदारीवर मी कोठेंहि जात नाहीं, हें ठाऊक असतां केली. तें वाक्य छापणाऱ्याचें आहे, माझें नाहीं, असें मीं मनाशीं म्हटलें. ही पळवाट आहे हें मला कळतें.

अर्ज जाऊन आज अकरा दिवस झाले. उत्तर आलेलें नाहीं. मधल्या काळांत सराव चालू आहे. भाड्याची गाडी जवळजवळ दोनशें किलोची असेल, आणि रेतींत पडली तर ज्याची त्यानें उचलावी असा पथकाचा रिवाज आहे. म्हणून भाच्याची गाडी रोज सकाळीं अंगणांत जुन्या सतरंजीवर आडवी करावयाची, तिच्याकडे पाठ करून खालीं बसावयाचें, आणि पायांच्या जोरावर मागें रेटीत ती उभी करावयाची. काल तीन वेळां साधलें. चौथ्या वेळीं समोरच्या गॅलरींतले पेन्शनर गृहस्थ चहा तसाच टाकून हात द्यायला खालीं आले.