न सांगता आलेला सोबती

‘अतिथी’ ह्या शब्दाचा अर्थ आपल्याकडे असा सांगत आले आहेत की, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. अशा मनुष्यास दारातच ‘तुम्ही किती जण आहा? बरोबर काय आणिले आहे?’ असे विचारणे असभ्यपणाचे समजत. अब्राहामानेही भर उन्हात आलेल्या तिघांची चौकशी करण्यापूर्वी त्यांच्या पायांकरिता पाणी मागविले. परंतु त्या यजमानांनी पाहुण्यांपासून भाडे घेतले नव्हते. भाडे घेतले की करार आला, आणि करार आला की खरे सांगण्याचे बंधन उभयपक्षी आले. मग पाहुण्याने न सांगता बरोबर कोणास आणिले, तर घरधन्याने काय करावे?

हा प्रश्न मुख्यत्वेकरून अमेरिकेत फार चर्चिला जातो. सॅन फ्रान्सिस्को शहरी २००८ साली एअरबीएनबी ही कंपनी निघाली, आणि आपले घर चार-दोन दिवसांकरिता अनोळखी प्रवाशास देण्याची चाल तेथून जगभर पसरली. आपल्या कोकणात व गोव्यातही अनेक कुटुंबे आता ह्या मार्गाने चार पैसे मिळवितात, तेव्हा हा विषय वाचकांस अगदीच दूरचा वाटू नये.

समजा, एका गृहस्थाने चार माणसांकरिता घर दिले आणि रात्री गाड्यांतून नऊ माणसे उतरली. पुढच्या आठवड्यात एक बाई आली. तिच्याबरोबर कुत्रा होता. घराच्या नियमांत तर ‘जनावरे आणू नयेत’ असे स्पष्ट लिहिलेले, आणि बाईने आधी कुत्र्याविषयी एक अक्षरही कळविले नव्हते. गृहस्थ म्हणतो, ‘दोघांनीही मजपासून लपविले, दोघेही सारखेच अपराधी.’ हे म्हणणे ऐकण्यास न्यायाचे वाटते. आमच्या मते ते न्यायाचे नाही.

प्रथम माणसांचे पाहू. कॅलिफोर्नियातील ओरिंडा गावी २०१९ सालच्या ऑक्टोबरच्या ३१ तारखेस जे घडले, ते त्या वेळी सर्वत्र छापून आले होते. एका बाईने बारा माणसांकरिता घर घेतले. वणव्याच्या धुराने घरच्या दमेकरी माणसांस त्रास होत आहे, म्हणून दूर राहावयाचे आहे, असे कारण तिने सांगितले. त्या रात्री तेथे शंभराहून अधिक लोक मेजवानीस जमले, गोळीबार झाला आणि पाच जण प्राणांस मुकले. पुढे कंपनीने २०२० सालच्या ऑगस्टात अशा मेजवान्यांस सर्वत्र मनाई केली व २०२२ साली ती कायम केली. ह्या हकिगतीत आम्हांस विशेष बोचते ते हे की, खोट्याने आजाऱ्याचे रूप घेतले होते. पुढे खरोखरीचा दमेकरी मनुष्य धुरातून पळून एखाद्या दारी आला, तर त्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील?

प्रत्येक जादा पाहुणा असा भयंकर नसतो, हे उघडच आहे. बहुधा ती कोणाची तरी मावशी असते, किंवा ऐन वेळी निघालेला भाऊ. तरीपण आकडा विचारण्याचा घरधन्यास पूर्ण अधिकार आहे. आग लागली तर किती माणसांस बाहेर काढावयाचे, हे त्यास ठाऊक असले पाहिजे; खेड्यातील घराचा मैलाचा हौद ठरावीक माणसांपुरताच असतो; गोंगाट झाला तर झोप शेजाऱ्याची जाते. आपल्या देशात तर परदेशी मनुष्य उतरला की चोवीस तासांच्या आत सरकारास कळवावे लागते. जो आलाच आहे असे कोणी सांगितले नाही, त्याची वर्दी घरधनी देणार कशी? म्हणून त्याने सरळ विचारावे, आगाऊ विचारावे, आणि जास्त माणसांचे जास्त भाडे ठरवून ठेवावे. पाळत मात्र ठेवू नये. घराच्या आतील कॅमेरे त्याच कंपनीने २०२४ सालच्या एप्रिल अखेरीपासून सर्वत्र बंद केले. हे आधीच व्हावयास हवे होते.

आता कुत्र्याचे. अमेरिकेच्या १९९० सालच्या अपंगविषयक कायद्याप्रमाणे जो कुत्रा अपंग मनुष्याकरिता काही ठरावीक काम करण्यास शिकविलेला असतो, तो पाळीव जनावर गणला जात नाही. (लहान जातीच्या घोड्याचीही सोय त्यात निराळ्या कलमाने केली आहे!) तो अंधास वाट दाखवितो, बहिऱ्यास हाकेची जाणीव देतो, फेफरे येणार असे ओळखून धन्यास सावध करितो. संशय असेल तर घरधन्याने दोनच प्रश्न विचारावे: हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे काय? आणि त्यास कोणते काम शिकविले आहे? आजार कोणता, दाखला कोठे, काम करून दाखवा, असे विचारता येत नाही. जादा पैसे घेता येत नाहीत. कुत्र्याची भीती किंवा त्याच्या केसांचा त्रास हीदेखील नाही म्हणण्याची कारणे होत नाहीत. कुत्रा अनावर झाला व धन्याने आवरला नाही, किंवा तो घरात घाण करू लागला, तरच त्यास बाहेर काढण्यास सांगता येते. आणि नुकसान झाले तर इतर पाहुण्यांप्रमाणे भरपाई मागता येते. धनी स्वतः राहतो अशा पाच किंवा कमी खोल्यांच्या घरास हा कायदा लागू नाही. पण कायदा लागू नसला म्हणून प्रश्न मिटत नाही.

त्या बाईने आधी का सांगितले नाही? सांगण्याचे बंधन तिजवर नव्हते, हे एक उत्तर झाले. खरे उत्तर निराळे आहे. ज्याने दहा वेळा आधी सांगितले आणि दहा वेळा ‘घर आताच दुसऱ्यास दिले’ असे उत्तर ऐकिले, तो अकराव्या वेळी गप्प राहतो. चष्मा लावणारा मनुष्य आगाऊ पत्र लिहून ‘चष्मा घेऊन येऊ काय?’ असे विचारीत नाही. नऊ माणसांचे मौन शेजाऱ्यास व घरधन्यास फसविते. ह्या बाईचे मौन तिचे स्वतःचे रक्षण करिते.

लबाड लोक आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. बाजारात झूल मिळते, छापील दाखले मिळतात. त्या दाखल्यांस कायद्यात काडीचीही किंमत नाही. वाटाड्या कुत्र्याचे सोंग केल्यास कॅलिफोर्नियात सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा १,००० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. केवळ मनास धीर यावा म्हणून बाळगिलेला कुत्रा ह्या कायद्यात बसत नाही. विमान कंपन्यांवरही २०२१ सालच्या जानेवारीपासून त्यास वेगळी सवलत देण्याचे बंधन राहिलेले नाही. आणि घरधन्याचे ओझेही खरे आहे. गालिचा त्यालाच झाडून घ्यावा लागतो, आणि पुढील पाहुण्यास शिंका आल्या तर दोष त्यालाच लागतो. एकदा फसलेला मनुष्य पुढच्या प्रत्येकास लबाड समजू लागला, तर त्याचे आश्चर्य वाटत नाही.

परंतु त्याने हिशोब मांडून पाहावा. खोट्या कुत्र्यास आत घेतले, तर त्याची एक सकाळ झाडण्यात जाईल. खऱ्यास बाहेर ठेविले, तर अंध मनुष्य परक्या गावात रात्री रस्त्यावर उभा राहील. माणसांच्या बाबतीत हिशोब उलटा आहे. तेथे भिडेने गप्प राहिल्यास तोटा एकट्या घरधन्याचा होत नाही. शेजाऱ्यांचा होतो, आणि वरच्या मजल्यावर कोंडलेल्या त्या जादा माणसांचाही होतो. ‘विश्वास ठेवावा’ किंवा ‘संशय धरावा’ असा एकच नियम दोन्हीं ठिकाणी लावू पाहणारा म्हणूनच चुकतो. आपली चूक झाली तर ती कोणाच्या अंगावर पडेल, हे त्याने विचारलेलेच नसते.

दारातली बाई अजून उभी आहे. गृहस्थाने ते दोन प्रश्न विचारले. ती म्हणाली, ‘होय. मला फेफरे येण्यापूर्वी हा पंजाने खुणावतो.’ आता तिसरा प्रश्न नाही. अंगणातला नळ कोणत्या बाजूस आहे, रात्री कुत्र्यास कोठे फिरविता येईल, आणि जिन्याची कोणती पायरी उंच आहे, एवढे तिला सांगावयाचे राहिले आहे.