ओढा ओलांडावा की नाही?

आमच्या वडिलांना एकदा एका मित्राने आपल्या धंद्यात भागी देऊ केली. गाठीला होते ते सारे त्यात घालावे लागणार होते; इकडे आजी अंथरुणाला खिळलेली आणि धाकट्या आत्याचे शिक्षण अर्ध्यावर. वडील ‘नको’ म्हणाले. पुढे मित्राचा बंगला झाला, आणि दिवाळीच्या फराळाला जमलेले आप्त दरवर्षी त्या ‘नको’ची आठवण काढून हसू लागले. त्या हसण्यात मीही सामील असे. वडील खरेच भित्रे होते काय? या प्रश्नाचा विचार कसा करावा हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले, आणि तेही अगदी भलत्याच ठिकाणी, गॉल्फच्या मैदानावर!

हा खेळ मी कधी खेळलेलो नाही. पण माझा भाचा त्याचा वेडा आहे, आणि त्याच्या संगतीने रात्री जागून मी अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनलचे सामने पाहिले आहेत. जॉर्जियातील एका जुन्या रोपवाटिकेच्या जमिनीवर बॉबी जोन्स आणि डॉ. ॲलिस्टर मॅकेन्झी यांनी आखलेले हे मैदान म्हणजे उंच पाइन वृक्षांनी वेढलेले एक विस्तीर्ण उद्यानच. १९३४ साली येथे ‘मास्टर्स’ स्पर्धा सुरू झाली.

या मैदानाचा तेरावा होल पाहावा. पाच फटक्यांत तो पुरा करावा, अशी अपेक्षा. वाट डावीकडे वळते, आणि निशाण रोवलेल्या हिरवळीच्या अगदी पुढ्यात ओढा वाहतो. पहिला फटका चांगला बसला, की खेळाडूपुढे पेच उभा राहतो. एका झेपेत ओढा ओलांडावा, की अलीकडे थांबून तिसऱ्या फटक्याने सावकाश पलीकडे जावे? ओलांडला तर एक फटका वाचण्याचा संभव. चेंडू पाण्यात गेला तर दंड.

१९५४ साली बिली जो पॅटन नावाचा, लाकडाच्या धंद्यातला एक हौशी खेळाडू अखेरच्या दिवशी नामवंतांच्या बरोबरीने झुंजत होता. त्याने झेप घेतली. चेंडू ओढ्यात गेला, त्या होलला सात फटके लागले, आणि अवघ्या एका फटक्याने त्याची अग्रस्थानाची बरोबरी हुकली. लोक हळहळले : काय हा उतावळेपणा! २०१० साली त्याच होलवर फिल मिकेल्सनचा चेंडू झाडांमध्ये, गळलेल्या पाइनच्या काड्यांवर पडला होता. त्यानेही झेपच घेतली, तीही दोन झाडांच्या फटीतून. चेंडू निशाणाजवळ जाऊन थांबला, आणि मिकेल्सन स्पर्धा जिंकला. लोक म्हणाले : काय हे धैर्य!

आता उलट बाजू पाहा. १९९३ साली चिप बेक अखेरच्या दिवशी तीन फटके मागे होता. पंधराव्या होलवर तळ्याच्या अलीकडेच तो थांबला, आणि शेवटी दुसरा आला. दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानणारा, अशी त्याची संभावना झाली. २००७ साली झॅक जॉन्सन पाच फटक्यांच्या सोळाही होलवर अलीकडेच थांबला. त्या सोळा होलवर मिळून त्याने अकरा फटके वाचवले आणि स्पर्धा जिंकली. तोच संयम; पण या वेळी त्याचे नाव शहाणपण!

म्हणजे कृती दोनच, आणि निवाडे मात्र चार. फळ गोड निघाले की झेपेला आपण शौर्य म्हणतो, कडू निघाले की अविचार. हा न्याय नव्हे; ही निकालाची खुशामत आहे. चेंडू उडाल्यानंतर वारा काय करील हे खेळाडूच्या हाती नसते. त्याच्या हाती असते ते फटक्यापूर्वीचे क्षणभर थांबणे. आपली झेप खरोखर किती? ओढ्यात पडलो तर किती गमवावे लागेल? आणि आपण थांबतो आहोत ते विचाराने, की केवळ हात कापतो म्हणून? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे देऊन जो फटका मारतो, त्याला मी निकाल पाहण्यापूर्वीच मान देईन. जॉन्सन लांब फटक्यांचा खेळाडू नव्हता. जवळच्या फटक्यांत तो वाकबगार होता. त्याने स्वतःला ओळखले होते. बेकच्या मनात त्या वेळी काय होते, हे बाहेरून पाहणाऱ्या आपणास कसे कळणार?

आणखी एक गोष्ट. खेळात पाण्यात जातो तो चेंडू खेळाडूचा स्वतःचा असतो. पॅटनने गमावले ते आपले. वडिलांच्या हातातला चेंडू मात्र त्यांच्या एकट्याचा नव्हता. त्यात आजीचे औषध होते, आत्याची फी होती. दुसऱ्याच्या जिवावर घेतलेल्या झेपेला शौर्य म्हणावे काय?

मित्राचा धंदा बुडाला असता, तर त्याच आप्तांनी वडिलांना दूरदर्शी म्हटले असते. वडील मात्र तेच राहिले असते. पण त्यांच्याही मनात तेव्हा भीती मुळीच नव्हती, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? मी त्यांना कधी विचारलेच नाही. इतरांबरोबर नुसता हसलो. आता ते नाहीत. यंदा फराळाला ती जुनी गोष्ट निघेल, तेव्हा आत्याला मी एवढेच विचारणार आहे : ‘‘त्या दिवशी दादा काय म्हणाले होते गं?’’