अंड्याचा पुठ्ठा देवाला चालतो का?

मी पुण्यात पौरोहित्य करते. भाद्रपद तोंडावर आला की फोनवर येणारे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. उजव्या सोंडेची मूर्ती घरी चालेल का, सोयर आलं तर गणपती बसवायचा की नाही, दीड दिवसांचे यंदा पाच केले तर पुढे कायम पाचच करावे लागतात का. उत्तरं देऊन देऊन पाठ झाली आहेत. गेल्या वर्षी मात्र कोथरूडच्या एका यजमानांच्या सूनबाईंनी नवाच प्रश्न काढला.

"काकू, मुलांनी घरी मखर केलंय. छान झालंय. पण सासूबाई म्हणतात, देवापुढे ठेवायचं नाही. अंड्यांच्या पुठ्ठ्यांचं आहे ना."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही नाही वाटत. पण तुम्ही सांगितलंत तर त्या ऐकतील."

पुरोहिताला असं पंच करून मध्ये बसवायची आपल्याकडे रीतच आहे. संध्याकाळी जाऊन बघितलं.

मखर खरोखर देखणं होतं. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून घरोघरी पुठ्ठ्याचे, कापडाचे, बांबूचे प्रयोग चालू आहेत. त्यातले बरेचसे चार दिवसांत वाकतात. हे वाकलं नव्हतं. तीस अंड्यांचे ते करडे ट्रे पालथे घालून मागची भिंत केली होती. पालथ्या ट्रेचे उंचवटे ओळीने आले की देवळाच्या शिखरावरची नक्षी वाटते. कमानीवर कमळं. नातीने मला कमळ करूनच दाखवलं. ट्रेमधली एक वाटी कापून काढायची, कडेला चार चिरा द्यायच्या, पाकळ्या बाहेर वळवायच्या. तशीच दुसरी वाटी पहिलीच्या आत जरा फिरवून बसवली की आठ पाकळ्या होतात. मैद्याची खळ, वर गेरू, मध्ये हळद. रंगवायचं राहिलेलं एक कमळ तिने माझ्या हातावर ठेवलं. चष्मा लावून बघितलं तर करड्या लगद्यात छापील अक्षराचा एक तुकडा अडकलेला होता, काना आणि त्यावरची अर्धी मात्रा. हे ट्रे रद्दी कागद पाण्यात भिजवून, त्याचा लगदा साच्यावर घेऊन, पाणी ओढून काढून वाळवतात. म्हणजे अंड्यांखाली जायच्या आधी हा कागद कुणाचं तरी वर्तमानपत्र होता.

अंड्यांच्या खोक्याचा जन्मही भांडण मिटवण्यासाठी झालेला आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामधल्या एका गावात 1911 साली, अंडी फुटलेलीच येतात म्हणून हॉटेलवाला आणि शेतकरी यांच्यात वाद चालला होता, आणि जोसेफ कॉइल नावाच्या वर्तमानपत्राच्या संपादकाने अंड्याला अंडं लागणार नाही असं कागदी खोकं बनवलं. कोथरूडमध्ये मात्र त्याच्याच भाऊबंदावरून भांडण लागलं होतं.

सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. बाई शांत, पण ठाम. "यात अंडी होती," एवढंच म्हणाल्या.

आता शास्त्र काय म्हणतं, ते सांगणं माझं काम. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात वस्तू शुद्ध कशा करायच्या याची सविस्तर चर्चा आहे. धातू राखेने, आंबटाने आणि पाण्याने शुद्ध होतो. लाकूड तासलं की शुद्ध. मातीचं भांडं मात्र नुसतं धुऊन भागत नाही, ते पुन्हा भट्टीत घालावं लागतं. यामागे साधा व्यवहार दिसतो. माती शोषून घेते, तांबं शोषत नाही. कागद त्या यादीत नाही, असायचं कारणही नाही. पण त्याची जात मातीच्या भांड्याची आहे. धुता येत नाही, शोषून घेतो. म्हणून सासूबाईंचं म्हणणं मला मुळीच वेडगळ वाटलं नाही. कवचावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, आणि पोल्ट्रीवाल्यांनाही हेच सांगितलं जातं की कागदी ट्रे एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये फिरवू नका, कारण ते निर्जंतुक करता येत नाहीत. ज्या ट्रेवर अंडं फुटून वाळलंय, तो मुलांच्या हातात द्यायचाच नाही. मग देव असो वा नसो. या मखरातले ट्रे कोरडे, स्वच्छ होते.

तेव्हा मी सासूबाईंना माझ्या धंद्यातली गोष्ट सांगितली. चतुर्थीला सकाळी मूर्ती चौरंगावर असते तेव्हा ती शाडूची माती असते. प्राणप्रतिष्ठा करायची, दूर्वेने डोळ्यांना तूप लावायचं, मग तो देव. विसर्जनाच्या दिवशी उत्तरपूजा करून अक्षता वाहायच्या, मूर्ती जागेवरून जराशी हलवायची. तिथे देवत्व संपलं. पुन्हा माती, म्हणून तर पाण्यात सोडता येते. देवासारखा देव मातीत येतो आणि जातो, हे आपण दरवर्षी हाताने करतो. मग अंड्याचं अंडेपण तेवढं कागदाला जन्मभर चिकटून राहतं, हे कसं?

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. म्हणाल्या, "देव बोलावल्यावर येतो. विटाळ न बोलावता येतो."

इतकी वर्षं संस्कृत शिकले, पोथ्या वाचल्या, पण इतकं नेमकं वाक्य मला सुचलं नसतं. सगळा घोळ त्यातच आहे. पावित्र्यासाठी मंत्र लागतो, मुहूर्त लागतो, कुणीतरी संकल्प करावा लागतो. अपवित्र व्हायला काही लागत नाही, नुसता स्पर्श पुरतो. हे असं असावं असं कुणी ठरवलं, आणि ठरवणाऱ्याचं त्यात काय होतं?

याचं उत्तर पुठ्ठ्यापाशी थांबत नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक प्याले, त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी तळ्यात ओतून तळं 'शुद्ध' केलं. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, त्याने ते बाटलं नव्हतं. त्याच वर्षाच्या 25 डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली, जिचा पाचवा अध्याय मी वर इतक्या सहज सांगितला. द्रव्यशुद्धीचं प्रकरण वाचताना मला हे विसरता येत नाही, आणि येऊही नये. स्पर्शाने चिकटणारा आणि कशानेच न जाणारा विटाळ ही कल्पना पुठ्ठ्यावर निरुपद्रवी दिसते. तीच माणसांवर चालवली गेली.

त्या मखराच्या लगद्यात कुणाकुणाचे हात आहेत तेही बघा. घरोघरचा कागद वेगळा करणाऱ्या, रस्त्यावरून वेचणाऱ्या, पोत्यात भरून भंगारवाल्याकडे नेणाऱ्या बायका पुण्यात हजारोंनी आहेत, त्यातल्या बहुतेक दलित समाजातल्या. 1993 साली त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, 2008 पासून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था काम करते. त्यांनी वेचलं नाही तर ना रद्दी, ना लगदा, ना ट्रे. यात अंडी होती का, असं विचारणाऱ्या घरात हा कागद कुणी वेचला, असं कुणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

सासूबाईंना हे सगळं मी त्या संध्याकाळी बोलले नाही. भाषण द्यायला गेले नव्हते. शास्त्रातलीच एक सवलत तेवढी सांगितली: शंका असेल तिथे जे डोळ्यांना दिसलेलं नाही, जे पाण्याने धुतलंय आणि ज्याला जाणत्याने तोंडाने शुद्ध म्हटलंय, ते शुद्ध धरावं. "मग म्हणा तुम्ही," त्या म्हणाल्या. मी पळीभर पाणी शिंपडलं आणि म्हटलं. तरी त्यांनी मखर आणि चौरंग यांच्यामध्ये स्वतःची एक जुनी रेशमी साडी लावून घेतलीच. रेशीम किड्यांना उकळत्या पाण्यात घालून निघतं आणि सोवळ्याला तेच चालतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

शिवाय ती साडी मला आवडली. कोकणात अनेक घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, मटण, मासे, चिंबोऱ्या. गणपती शेजारीच बसलेला असतो. मग दोघांमध्ये पडदा धरतात. आईला आवडतं ते आईला मिळतं, लेकाला दिसत नाही. घरातल्या घरात दोन चवी, दोन नेम सांभाळायची ही तडजोड कुठल्याही ग्रंथात मी वाचलेली नाही, आणि ती मला ग्रंथांपेक्षा शहाणी वाटते. पडद्याने पदार्थ काही बदलत नाही, ज्याचा त्याचा त्याच्याशी संबंध बदलतो. शुद्धी वस्तूत नसते, संबंधात असते, हे त्या पडद्याला कळलेलं आहे.

खरी अडचण मला आमच्या शेजारच्या जैन काकांनी केली. त्यांना विटाळाशी देणंघेणं नाही. ते म्हणाले, "ताई, हिंसा तीन तऱ्हेने होते. आपण करतो, दुसऱ्याकडून करवतो, नाहीतर केलेल्याला अनुमोदन देतो. पुठ्ठा छान म्हणून घरात मिरवला तर ते अनुमोदन नाही का?" मी म्हटलं, पुठ्ठा वापरल्याने एकही अंडं जास्त खपत नाही. गांधीजींनीही 1942 साली आरोग्यावर लिहिताना म्हटलं होतं की दूध चालतं त्याने निर्बीज अंड्याला हरकत घेऊ नये. काका म्हणाले, खपायचा प्रश्न दुकानदाराचा, अनुमोदन मनाचं असतं. मी मृदंगाच्या चामड्याचा दाखला दिला. ते म्हणाले, एका चुकीने दुसरी बरोबर ठरत नाही. यावर माझ्याकडे अजूनही उत्तर नाही. सासूबाईंचा आक्षेप स्पर्शाचा होता, तो पाण्याने निघाला. काकांचा मनाचा आहे.

त्यांनीच मला दुसऱ्या एका खोडीवर पकडलं. ट्रे उपयोगी पडतात म्हटल्यावर ओळखीच्या घरांतून ते माझ्याकडे यायला लागले आणि माळ्यावर थप्पी वाढली. बटणं ठेवायला एक, देवघरातल्या वाती आणि कापराच्या वड्यांना एक, दिवाळीच्या पणत्या फुटू नयेत म्हणून दोन, पुढे काय? काका वर बघून हसले. जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेलीच नाही, आसक्तीवरून केली आहे. 'कधीतरी लागेल' हीदेखील आसक्तीच, तिच्यावर पर्यावरणाचं नाव घातलं तरी. बौद्धांच्या विनयपिटकात आनंद भिक्षू राजा उदयनाला सांगतो की नवी चीवरं आली की जुन्यांची पांघरुणं करू, पांघरुणांची बिछान्याची खोळ, तिची जमिनीवरची बैठक, मग पायपुसणं, मग फडकं, आणि शेवटी चिंध्या चिखलात कालवून जमीन लिंपू. मला त्यातला शेवट महत्त्वाचा वाटतो. वस्तू पायरी पायरीने खाली उतरते आणि मातीत संपते. माळ्यावर चढत नाही.

म्हणून थप्पी खाली काढली. निम्मे ट्रे फाडून गच्चीवरच्या खताच्या ड्रमात गेले; ओल्या कचऱ्याला असा कोरडा कागद मिसळला की वास येत नाही. उरलेल्यांच्या वाट्यांना खाली भोक पाडून त्यात खतमाती भरली आणि तुळशीच्या मंजिऱ्या चोळून टाकल्या. रोप बोटभर झालं की वाटी कापायची आणि पुठ्ठ्यासकट कुंडीत लावायची, मुळं दुखावत नाहीत. कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या आधी, ही रोपं मी यजमानांच्या घरी वाटते.

वाटताना प्रश्न आला तो असा: सांगायचं की नाही? दिसलं नाही ते शुद्ध, ही सवलत मीच सांगितली होती. गप्प बसले असते तर सगळ्या रोपांना घर मिळालं असतं. पण ती सवलत घेणाऱ्याची आहे. देणाऱ्याने तिच्याआड लपायचं म्हणजे लबाडी झाली. मी आधीच सांगते, हा अंड्याच्या ट्रेचा पुठ्ठा आहे. बऱ्याचजणी "असू दे हो" म्हणतात. एखादी रोप परत ठेवते. आणि काहीजणी माझ्यासमोरच पुठ्ठा सोलून काढतात, नुसतं मातीसकट रोप नेतात. तोवर तुळशीच्या मुळांनी निम्मा लगदा पोटात घेतलेला असतो, तो काही त्यांच्याच्याने सुटत नाही.