दुसरी बातमी

२२ जुलै २०२३ रोजी दक्षिण कोरियातल्या काही संशोधकांनी ‘आर्काइव्ह’ या संकेतस्थळावर दोन शोधनिबंध टाकले. शिसे, तांबे, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांच्यापासून आपण एक पदार्थ बनवला आहे आणि साध्या दाबाला, अगदी १२७ अंश सेल्सिअसपर्यंत, त्यातून वीज कसल्याही विरोधाशिवाय वाहते, असा त्यांचा दावा होता. पदार्थाचे नाव एलके-९९. सोबतच्या चित्रफितीत चुंबकावर एक काळपट खडा दिसत होता. तो अर्धवट उचललेला होता आणि त्याची एक कड चुंबकाला टेकलेली होती. आजवरचे असे, म्हणजे अतिवाहक, पदार्थ एक तर फार थंड करावे लागतात, नाही तर प्रचंड दाबाखाली ठेवावे लागतात. त्यामुळे हा दावा टिकला असता तर वीजवहनापासून एमआरआय यंत्रांपर्यंत पुष्कळ काही बदलले असते. पुढचे काही दिवस जगभर हीच बातमी होती, आणि कोरियात काही कंपन्यांचे शेअरही वधारले. मग १६ ऑगस्टला ‘नेचर’च्या बातमी विभागाने हे कोडे कसे सुटले ते सविस्तर छापले. त्या खड्यात कॉपर सल्फाइडची भेसळ राहून गेली होती. कॉपर सल्फाइडची अंतर्गत रचना १०४ अंशांच्या आसपास बदलते आणि त्याचा विद्युतरोध एकदम घसरतो. कोरियन निबंधातल्या आलेखातली घसरणही तिथेच होती. स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी भेसळ टाळून शुद्ध स्फटिक वाढवले, तेव्हा ते जांभळट आणि पारदर्शक निघाले. ते अतिवाहक तर नव्हतेच, साधे वाहकही नव्हते.

विज्ञानाच्या बातम्यांसाठी चांगले संकेतस्थळ कोणते, मासिक कोणते, असे विचारले की बहुधा नावे सांगितली जातात. नावे मीही पुढे सांगणार आहे, पण ती निवडायची कशावरून हे आधी ठरायला हवे. माझ्या मते कसोटी एकच आहे: ज्याने पहिली बातमी दिली, त्याने दुसरी दिली का? एलके-९९च्या पहिल्या बातमीतून वाचकाला एवढेच कळत होते की कुणीतरी असे म्हणत आहे. दुसऱ्या बातमीत मात्र विज्ञान होते. विद्युतरोध घसरला एवढ्यावरून पदार्थ अतिवाहक का ठरत नाही, खडा चुंबकावर उचलला गेला तरी तो पुरावा का होत नाही, भेसळ कशी ओळखतात, दुसऱ्या प्रयोगशाळेने तोच पदार्थ पुन्हा बनवून पाहणे का आवश्यक असते, हे सारे त्या एका लेखातून समजत होते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतही हा पदार्थ लगोलग बनवून पाहिला गेला आणि त्यात अतिवाहकतेची खूण सापडली नाही. भारतीय वाचकाच्या दृष्टीने ही घरची बातमी होती.

यावर कुणी म्हणेल की मधल्या माणसांवर विसंबायचे कशाला, संशोधन करणाऱ्या संस्थेचेच निवेदन वाचावे. हा मार्ग वाटतो तितका सुरक्षित नाही. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धिपत्रके तपासून केलेला एक अभ्यास २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्यातल्या ४० टक्के पत्रकांत मूळ निबंधात होता त्याहून ठाशीव सल्ला होता, आणि ३३ टक्के पत्रकांत नुसत्या सहसंबंधाला कार्यकारणाचे रूप दिलेले होते. पत्रकातला सल्ला फुगवलेला असेल तर बातमीतही तो फुगण्याचे प्रमाण ५८ टक्के होते, पत्रक संयत असेल तर १७ टक्के. म्हणजे ज्या अतिशयोक्तीचा दोष आपण वार्ताहराच्या माथी मारतो, ती पुष्कळदा विद्यापीठाच्या आवारातूनच निघालेली असते. ‘युरेकअ‍ॅलर्ट’वर अशी पत्रके एकत्र मिळतात, आणि ‘फिझ डॉट ऑर्ग’सारख्या लोकप्रिय स्थळावरचा बराच मजकूरही तिथूनच आलेला असतो. ही स्थळे निरुपयोगी नाहीत. कुठे काय चालले आहे हे तिथे झटकन कळते आणि मजकूर कुठून आला तेही दिलेले असते. पण ते वाचताना संस्था स्वतःच्या कामाबद्दल बोलत आहे हे भान ठेवावे लागते. बातमी म्हणण्यासाठी त्यात त्या कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या जाणकाराचे मत हवे, प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर ते हवे, किती जणांवर झाला ते हवे.

या कसोटीला उतरणारी ठिकाणे आहेत. ‘सायन्स न्यूज’ शंभर वर्षांहून अधिक काळ हेच काम करत आहे. ‘क्वांटा’ गणित आणि भौतिकशास्त्रावर लांब, निगुतीने लिहिलेले लेख देते, तेही विनामूल्य. मागे घेतलेल्या निबंधांचा माग ‘रिट्रॅक्शन वॉच’ २०१० पासून काढत आहे. ‘नेचर’चा मला आदर वाटतो तो एका विशेष कारणाने. रोचेस्टर विद्यापीठातल्या एका गटाचे सामान्य तापमानाच्या अतिवाहकतेचे दोन निबंध याच नियतकालिकाने छापले, आणि २०२२ व २०२३ मध्ये ते मागे घ्यावे लागले. त्यानंतर त्याच्याच बातमी विभागाने, संपादक मंडळापासून स्वतंत्र राहून, हे निबंध छापले कसे गेले याचा शोध घेतला आणि २०२४ मध्ये तो प्रसिद्ध केला. आपल्याच घरातली चूक उजेडात आणणाऱ्या ठिकाणावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दोन आक्षेप मात्र वजनदार आहेत. पहिला असा की साथीच्या काळात दुसऱ्या बातमीसाठी थांबून कसे चालेल? २०२० चा मे महिना आठवावा. २२ तारखेला ‘लॅन्सेट’मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनमुळे कोविड रुग्णांचे मृत्यू वाढतात असा निबंध आला, आणि तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. ज्या कंपनीची आकडेवारी या निबंधात वापरली होती, तिच्याविषयी संशोधक आणि ‘गार्डियन’चे वार्ताहर प्रश्न विचारत राहिले. ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. तेव्हा घाई असते त्या काळात पाठपुरावा करणाऱ्या बातमीदाराची गरज कमी होत नाही, उलट फार वाढते. ते औषध पुढे कोविडवर निरुपयोगीच ठरले, पण तेही नीट केलेल्या मोठ्या चाचण्यांतून.

दुसरा आक्षेप मला अधिक सलतो. ही सगळी ठिकाणे इंग्रजीत आहेत, काहींची वर्गणी परवडत नाही, मग मराठी वाचकाने काय करावे? मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे, ‘सृष्टिज्ञान’ आहे, आयआयटी मुंबईतल्या संशोधनावर ‘रिसर्च मॅटर्स’ने मराठीत लेख दिले आहेत. मासिकाला रोजची बातमी देता येत नाही हे खरे, पण महिनाभराने लिहिणाऱ्याच्या हाती दुसरी बातमी आलेली असते. एलके-९९चा दावा जुलैच्या चौथ्या आठवड्यात आला आणि ऑगस्टच्या मध्याला निकालात निघाला. सप्टेंबरच्या अंकासाठी लिहिणाऱ्याला दावाही माहीत होता आणि त्याचे काय झाले तेही. ही संधी आपल्या मासिकांनी जाणीवपूर्वक घ्यावी, आणि त्यासाठी वर्गणीदारांनी त्यांना बळ द्यावे असे मला मनापासून वाटते. मराठी दैनिकांची अडचण निराळी आहे. तिथे ‘शास्त्रज्ञांनी शोधले’ एवढ्यावर वाक्य संपते. कोणते शास्त्रज्ञ, कोणत्या नियतकालिकात, हे पुष्कळदा नसते, आणि मूळ निबंधाचे नावच नसेल तर त्याचे पुढे काय झाले हे वाचकाने शोधायचे कशाच्या आधारे?

एखादे नवे संकेतस्थळ हाती आले तर त्याच्या शोधपेटीत ‘एलके-९९’ लिहून पाहावे. जे सापडेल त्यातल्या शेवटच्या मजकुराची तारीख पाहावी. ती जुलै २०२३ ची आहे, की १६ ऑगस्टनंतरची?