दोन, दोघे आणि दोघी

गणित सर्व मानवांचे एकच की प्रत्येक संस्कृतीचे निराळे, हा वाद ब्राझीलचे गणितज्ञ उबिराटान द’अम्ब्रोसिओ यांनी लोकगणिताची, म्हणजे एखाद्या समाजाच्या मोजण्यामापण्याच्या रीतींच्या अभ्यासाची, कल्पना मांडल्यापासून शिक्षणक्षेत्रात चालू असला, तरी त्याचा कस नांदेड जिल्ह्यातील किनवटसारख्या मुलखात लागतो. कारण 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या या तालुक्यात मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी शेजारी नांदतात.

कोलामीत दोन वस्तूंना इंदिंग, दोन पुरुषांना इद्दर आणि दोन स्त्रियांना ईरल म्हणतात. पाचापासूनचे आकडे मात्र तेलुगूतून आलेले आहेत. एवढ्यावरून कोलामांना ‘दोन’ ही अमूर्त, म्हणजे मोजलेल्या वस्तूंपासून सुटी झालेली, संख्या उमगत नाही असे म्हणणाऱ्याने आपल्या मराठीकडे पाहावे. येथेही दोन पाट्या, दोघे भाऊ आणि दोघी बहिणी असतात, हा भेद चौघे-चौघींपर्यंत चालतो आणि पुढे ‘पाच जण’ येतात. तरीही दोघे आणि दोघी मिळून चार माणसे होतात, याविषयी कोणाला शंका येत नाही. भाषा जगाची वाटणी आपल्या रीतीने करते, पण बेरीज त्या वाटणीवर अवलंबून राहत नाही. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (1150) कवड्या, काकिणी, पण या चलनांच्या कोष्टकाने सुरू होते; ते कोष्टक व्यवहारातून गेले, त्रैराशिक मात्र आजही तेच आहे.

म्हणूनच प्रत्येक संस्कृतीचे सत्य तिच्यापुरते, ही भूमिका दिसायला आदराची असली तरी दुबळ्याला उघड्यावर टाकणारी आहे. कापसाच्या वजनात किंवा कर्जाच्या व्याजात झालेली लबाडी कोलाम शेतकऱ्याला दाखवता येते ती त्याच्यावर आणि सावकारावर सारख्याच बंधनकारक असलेल्या हिशेबाच्या बळावर. तो हिशेब सावकाराच्या संस्कृतीचा ठरवला, तर तक्रारीला आधारच उरत नाही.

परंतु सत्य एक आहे म्हणून त्याची वाटही एकच, हेही खरे नव्हे. 1940 च्या दशकात आदिलाबाद जिल्ह्यात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मर्लवाई गावी गोंडांसाठी शाळा निघाली, तेव्हा देवनागरीत छापलेली गोंडी पुस्तके मुलांच्या हाती आली. कोलामी मुलाचीही सुरुवात अशी घरच्या शब्दांतून व्हायला हवी. ‘दोघे बहिणी’ म्हणणारे मूल मराठीत चुकलेले असते, मोजण्यात नव्हे. ज्या शिक्षकाला मुलाची भाषा ठाऊक नाही, त्याला या दोन चुका वेगळ्या ओळखता येणे फार अवघड जाते.