काजळ न दिसणारा डोळा

सोलापूरहून हैदराबादकडे निघालं की बसवकल्याणचा फाटा मागे पडतो आणि हुमनाबादच्या आधी राजेश्वर लागतं. बिदर जिल्ह्यातलं हे गाव 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होतं. कन्नड, मराठी आणि दखनी इथे एकाच कट्ट्यावर ऐकू येतात. सारा मुलूख तुरीचा. शेजारच्या कलबुर्गीच्या तुरीला तर 2019 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पौष-माघात मळणी सुरू झाली की वाऱ्यावर भुसा उडतो, महामार्गावरचे ट्रक त्यात धुरळ्याची भर घालतात आणि दिवेलागणीला चिलटांचे थवे तोंडावर येतात. या सगळ्यातून माणसं सायकल हाणत जातात. कर्नाटक सरकारने 2006-07 मध्ये आठवीच्या मुलामुलींना सायकली वाटायला सुरुवात केली, तेव्हा गावोगावच्या शाळेच्या वाटा सायकलींनी भरल्या. सायकलीला घंटी होती, कॅरिअर होतं. डोळ्यांचा विचार त्यात कुणी केला नव्हता.

खेड्यात गॉगल शोभतो तो तिघांना: नवरदेवाला, मोतीबिंदू काढलेल्या म्हाताऱ्याला आणि वेल्डरला. सायकलवाल्याने लावला तर तो ‘शायनिंग मारतो’. ही थट्टा सोडून देता येईल. पण तिच्या आड दोन जुने आक्षेप उभे असतात आणि ते थट्टेवारी नेण्यासारखे नाहीत. पहिला दैवाचा: डोळा जायचाच असेल तर गॉगल घालूनही जाईल. दुसरा वैराग्याचा: मातीत जाणाऱ्या देहाचे एवढे लाड कशाला?

दैवाचा आक्षेप लवकर आटपतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं मोजली आहेत. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवं दैव. ज्याला दैवावर हवाला ठेवायचा आहे त्याने आधीच्या चारांचा हिशेब द्यावा, मग खुशाल पाचव्याकडे बोट दाखवावं.

वैराग्याचा आक्षेप मात्र चिवट आहे. या प्रांताच्या भक्तीत तर डोळा देऊन टाकण्याचाच गौरव आहे. बेडर कण्णप्पाची कथा इथे घरोघर ठाऊक. 1954 साली तिच्यावर निघालेल्या कन्नड चित्रपटातून राजकुमार पहिल्यांदा नायक म्हणून पडद्यावर आले. शिवलिंगाच्या डोळ्यातून रक्त वाहू लागलं, तेव्हा कण्णप्पा या शिकाऱ्याने बाणाने आपला डोळा काढून तिथे बसवला. मग दुसऱ्या डोळ्यातून रक्त येऊ लागलं. कण्णप्पाने त्या जागेवर पाय टेकवला आणि उरलेल्या डोळ्याकडे बाण नेला. पाय कशासाठी? दुसरा डोळा काढला की दिसणार नाही, मग तो बसवायचा कुठे हे चाचपून कळावं म्हणून. भक्तीच्या त्या टोकालाही तो गडी डोळ्याचं काम विसरला नव्हता. आणि दुसरा डोळा देवाने काढू दिला नाही, हे कथा सांगणारे बरेचदा घाईघाईत उरकतात.

देहाचे लाड कमीत कमी करणारा माणूस डोळ्याकडे कसा पाहतो, हे बघायचं तर दिगंबर मुनीकडे जावं. अंगावर सूत नाही. जवळ पिंछी, कमंडलू आणि शास्त्र. चालताना मात्र नजर पुढच्या चार हात जमिनीवर खिळलेली, कारण पायाखाली मुंगीही येता कामा नये. याला ईर्यासमिती म्हणतात. बेळगाव जिल्ह्यातल्या भोजच्या पाटील घराण्यातले आचार्य शांतिसागर हे विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला पुन्हा उभारी देणारे साधू. म्हातारपणी त्यांची दृष्टी मंदावत गेली. दिसत नाही म्हणजे जीव वाचवत चालता येत नाही, आणि तसं चालता येत नसेल तर मुनीचं व्रत पाळता येत नाही. त्यांनी सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचं व्रत, घेतली आणि 18 सप्टेंबर 1955 रोजी आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीवर देह ठेवला. तो निर्णय ज्याला पटायचा त्याला पटो. त्यामागचं गणित मात्र विलक्षण आहे. ज्याने देहाची आसक्ती सोडली, त्याच्या लेखी डोळा ही पायापुढच्या जिवांची ठेव होती.

हे गणित सायकलवर मांडून पाहावं. ताशी 18 किलोमीटर हा काही शर्यतीचा वेग नव्हे, पण त्यात सायकल सेकंदाला पाच मीटर जाते. एका डोळ्यात चिलट गेलं की दोन्ही डोळे मिटतात. तिथे माणसाची मर्जी चालत नाही. एक हात हँडल सोडून डोळा चोळायला जातो. अशी तीन सेकंदं गेली तर पंधरा मीटर वाट न पाहताच कापली जाते, आणि महामार्गाच्या कडेला पंधरा मीटरांत काय काय असतं! शेळी असते, पाण्याचा घडा घेतलेली बाई असते, रस्ता ओलांडणारं पोर असतं. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना नुसत्या जीव जाण्यावर बोट ठेवलेलं नाही. प्रमादाने, बेसावधपणाने जीव जाणं ही हिंसा. चिलट डोळ्यात जाणं प्रमाद नव्हे. ते रोज संध्याकाळी जातं हे ठाऊक असून उघड्या डोळ्यांनी भरधाव निघणं मात्र त्या शब्दाच्या फार जवळ जातं. शिवाय चिलटाचाही जीव जातोच, हे जैन वाचकाने आधीच मनात म्हटलं असेल. काचेवर आपटूनही तो जाईल. त्याला उपाय एकच, वेग कमी करणं.

काच डोळ्याआड येते, पाहणं गढूळ होतं, ही तक्रार मात्र आजची नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत तिसऱ्या अध्यायात यावर रीतसर वाद आहे. नैयायिक म्हणतात, डोळ्यातून तेज बाहेर पडतं आणि वस्तूला जाऊन भिडतं, तेव्हा ती दिसते. प्रतिपक्ष विचारतो, मग काच, अभ्रक आणि स्फटिक यांच्या पलीकडचं कसं दिसतं? उत्तर मिळतं की भिंत तेजाला अडवते, काच अडवत नाही. याउलट कर्नाटकातले जैन आचार्य पूज्यपाद सर्वार्थसिद्धीत म्हणतात की डोळा वस्तूला भिडतच नाही. पुरावा? डोळ्यात घातलेलं काजळ. भिडलेलं दिसत असतं तर ते सगळ्यात आधी दिसलं असतं.

डोळ्यातून तेज निघत नाही, प्रकाशच आत येतो, हे आजचं विज्ञान सांगतं. तेवढ्यापुरता डाव पूज्यपादांनी जिंकला. पण त्यांचं काजळ सायकलवाल्याच्याही कामाचं आहे. बुबुळाला टेकलेली वस्तू डोळ्याला दिसत नाही. म्हणून कुसळ आत गेलेलं दिसत नाही, फक्त सलतं. आपल्याच डोळ्यातलं मुसळ न दिसण्याची म्हण लोकांनी स्वभावावर रचली, तरी शरीरालाही ती तंतोतंत लागू आहे. आणि नाकावरची स्वच्छ काच दोन मिनिटांत ‘नाहीशी’ होते ती याच कारणाने: इतक्या जवळचं डोळा पाहूच शकत नाही. फक्त काच रात्री काळी नको, बिनरंगी हवी, आणि फुटून तुकडे होणारी नको. पॉलिकार्बोनेटची भिंगं त्यासाठीच वापरतात.

राजेश्वरच्या तालुक्याचं गाव म्हणजे बसवकल्याण, वचनकार बसवण्णांचं कल्याण. पायांना खांब, देहाला देऊळ आणि मस्तकाला सोन्याचा कळस मानणारं त्यांचं वचन इथल्या पोरांनाही माहीत असतं. त्या देवळाच्या खिडक्यांचा उल्लेख वचनात नाही. धुरळा मात्र तिथूनच आत येतो.

तुरीचं कुसळ नुसतं सलून थांबलं तर ठीक. बुबुळावरचा पारदर्शक पडदा मध्यभागी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. त्यावर ओरखडा उठला आणि पिकाच्या काडीकचऱ्याबरोबर आलेली बुरशी तिथे रुजली, तर जखम चिघळते आणि बरी झाली तरी फूल पडतं. आईने पदराला फुंकर घालून दिलेला शेक प्रेमाचा असतो, पण बुरशीला तो कळत नाही. जिभेने कुसळ काढणाऱ्याच्या तोंडातले जंतू तर थेट जखमेत जातात. डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा आणि दवाखाना गाठावा. नेपाळात भक्तपूरला झालेल्या अभ्यासात, ओरखडा उठल्यापासून 18 तासांच्या आत ज्यांच्या डोळ्यात प्रतिजैविक मलम घालायला सुरुवात झाली त्यांच्यापैकी एकाच्याही बुबुळात जखम चिघळली नाही. राजेश्वरहून हुमनाबाद किंवा बसवकल्याण गाठायला 18 तास लागत नाहीत, सायकलनेसुद्धा.