नाळेजवळची फट

थोडा वेळ बसा. उजवा तळवा बेंबीवर ठेवा आणि श्वास नेहमीसारखा चालू द्या. तळव्याखाली कातडी आहे, तिच्याखाली स्नायू, त्याच्याही आत आतड्यांची वेटोळी. ही भिंत तुमच्या आईनं ठरवून बांधली नव्हती. ती आपोआप जुळून आली.

आता मागे चला, आईच्या पोटातल्या सहाव्या आठवड्यापर्यंत. गर्भ बोटाच्या पेराहूनही लहान. त्याच्या इवल्या पोटात यकृत भराभर वाढतंय, आतडीही लांबतायत, जागा पुरत नाही. मग आतडी नाळेत उतरतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली माणसं गुढीपाडव्याच्या आसपास गावी परततात, तशीच ती जातात आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास पोटात जागा झाली की घरी येतात. तुमच्या बाबतीतही हे घडलं होतं. त्या परतीपाशी दोन श्वास थांबा.

काही बाळांची आतडी परततच नाहीत. बाळ जन्मतं तेव्हा नाळेच्या मुळाशी एक पातळ पिशवी दिसते आणि तिच्यात आतडी, कधी यकृतही असतं. डॉक्टर याला ओम्फॅलोसील म्हणतात. अशा बाळांमध्ये हृदयाचे आणि गुणसूत्रांचे दोषही बरेचदा सापडतात, म्हणून पुढचं सगळं त्या सोबतच्या दोषांवर ठरतं. गॅस्ट्रोस्कायसिसची गोष्ट वेगळी. तिथं बेंबीच्या शेजारी, बहुधा उजवीकडे, पोटाच्या भिंतीत फट राहते. वर पिशवी नसते, आतडी उघडी पडलेली असतात. पण हे बाळ बाकी सगळं धडधाकट असण्याची शक्यता मोठी. शिकून मोठं होणारं, घर सांभाळणारं माणूस. हे मनात नीट ठसू द्या, कारण बघणाऱ्याचं काळीज पहिल्या क्षणीच खचतं.

मग प्रश्न येतो: असं का? आपल्याकडे त्याचं उत्तर फार लवकर दिलं जातं. ग्रहण पाळलं नाही, विळी हातात घेतली, सुईदोरा घेतला. बाळंतिणीच्या उशाशी बसून हे बोललं जातं आणि ते तिला जन्मभर पुरतं. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. नेमकं कारण विज्ञानालाही पुरतं सापडलेलं नाही. एवढं मात्र पुन्हा पुन्हा दिसलं आहे की गॅस्ट्रोस्कायसिस वीस वर्षांच्या आतल्या आयांच्या बाळांत जास्त आढळतो, आणि धूम्रपानाशीही त्याचा संबंध दिसतो. मराठवाड्यात मुलींची लग्नं अजूनही लवकर उरकली जातात. त्याचा जाब द्यायचाच असेल तर तो लग्न लावणाऱ्या मोठ्यांनी द्यावा, त्या पोरीनं नव्हे.

आता कनेरगाव नाक्यावर या. इकडे हिंगोली, तिकडे वाशीम. एकेकाळी निजामाची हद्द इथं संपायची आणि वऱ्हाड सुरू व्हायचं. कल्पना करा, इथल्या एखाद्या खेड्यात रात्री असं लेकरू जन्मलं. नवजात बाळाचं पोट उघडून शिवणारा बालशल्यचिकित्सक मोठ्या शहरात असतो. नांदेड धरा की अकोला, शंभर किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे. उघड्या आतड्यांतून ऊब जाते, पाणी जातं, आत जंतू शिरतात, आणि आतड्याला पीळ पडला तर रक्त थांबतं. बाळाचा जीव या रस्त्यावर जातो.

पण या रस्त्यावर करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते महागही नाही. आतडी आत ढकलायची नाहीत. स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत बाळाला काखेपर्यंत ठेवायचं, म्हणजे ओल आणि ऊब टिकते. उजव्या कुशीवर निजवायचं, म्हणजे आतड्यांचा रक्तपुरवठा दबत नाही. तोंडानं काही द्यायचं नाही, मधाचं बोटही नाही. नाकातून नळी घालून पोट रिकामं ठेवायचं, शिरेतून पाणी सुरू करायचं, आणि पुढच्या दवाखान्याला आधी फोन करायचा. हे काम नर्सताईंच्या आणि वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातातलं आहे.

शस्त्रक्रियेची गतीही सावकाश असते. आतडी एका दमात आत मावली नाहीत तर त्यांच्यावर सायलो नावाची पिशवी बसवून वर टांगतात आणि रोज थोडी थोडी खाली सरकवतात. पोट हळूहळू जागा देतं. दूध पचायला कधी कित्येक आठवडे लागतात, तोवर आईनं दूध काढत राहायचं. मोठ्या ओम्फॅलोसीलमध्ये तर घाईनं शिवतच नाहीत. पिशवीवर औषध लावत राहतात, कडेनं कातडी सरकत येते, आणि उरलेला हर्निया पुढं सवडीनं दुरुस्त करतात. घरच्यांच्या धीराची खरी परीक्षा इथं होते.

२०२१ साली 'लॅन्सेट'मध्ये ७४ देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास आला. गॅस्ट्रोस्कायसिसची बाळं श्रीमंत देशांत शंभरात एक-दोन दगावली, मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३२, गरीब देशांत ९०. हे आकडे एकेक करून वाचा, घाई नको. आजार एकच आहे. फरक पडतो तो वेळेवर पोहोचण्याचा, उबेचा, स्वच्छतेचा, शिरेतून मिळणाऱ्या पोषणाचा आणि शिकलेल्या हातांचा.

म्हणून घरात कुणाला दिवस गेले असतील तर १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. हे दोन्ही दोष तिच्यात बहुधा दिसतात. दिसले, तर बाळंतपण बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयातच ठरवा. सरकारी रुग्णालयात नवजात बाळाचे उपचार आणि तिथवर नेणारी गाडी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. ती हक्कानं मागा.